घरातलं भंगार: ॲपवर द्यावं, साइटवर विकावं की दारावरच्या भंगारवाल्याला?

सदाफुली

घर बदलायच्या आधी साठलेलं सगळं काढायचंय. माल असा आहे: वर्षभराची वर्तमानपत्रं, वह्या-पुस्तकांची तीन खोकी, कुरियरचे पुठ्ठे, ॲल्युमिनियमची पातेली नि जुना कुकर, स्टीलचं पिंप, काढलेले नळ आणि शॉवर, बंद पडलेला विंडो एसी, इन्व्हर्टरची बॅटरी, दोन मोबाइल (एक चालू होतच नाही), एक लॅपटॉप आणि वायरींचा गुंता.

ॲपवर दरपत्रक दिसतं, पण खाली बारीक अक्षरात "प्रत्यक्ष तपासणीनुसार" असतं. भंगारवाला तोंडी दर सांगतो, तो वेगळाच. जुन्या वस्तूंच्या साइटवर तर बंद एसीलाही लोक भलताच भाव लावून बसलेत. काय कुठे द्यायचं आणि माल घेणारा दारात यायच्या आधी काय तयारी करायची? माहितगारांनी सविस्तर लिहा, प्लीज.

---

तराजू

दारात पूर्वी घासाघीस व्हायची ती दरावरून. आता दर आदल्या दिवशीच फोनवर दिसतो, त्यामुळे त्यात कोणी फारसं फसत नाही. घोळ सरकलाय तो वजनाकडे आणि प्रतीकडे. हिशेबापुरता रद्दीचा दर १५ रुपये किलो धरा. ॲपने १६ दिले, पण काटा दहा टक्के कमी दाखवत असेल, तर हातात १४ रुपये ४० पैसेच पडले. म्हणून दर तुलना करण्यात तासभर घालवण्याआधी काटा तपासायला शिका.

दारावर येतो तो बहुतेक हुकचा डिजिटल काटा. रिकामा धरून चालू करायला सांगा, शून्य दिसलं पाहिजे. माल उतरवल्यावरही तो पुन्हा शून्यावर यायला हवा. उतरवल्यावर उणे आकडा दिसला, तर हुकला काहीतरी लटकलेलं असताना टेअरचं (लटकलेलं वजन शून्य धरायचं) बटण दाबलं गेलंय. तेवढं वजन प्रत्येक खेपेला कापलं जातं, आणि खेपा छोट्या-छोट्या केल्या की नुकसान वाढत जातं.

दुसरी चाचणी माहितीच्या वजनाची. एक लिटर पाण्याची बाटली लावून काही कळत नाही. खोट वजनाच्या प्रमाणात असेल तर एका किलोवर ती जेमतेम दिसते, वीस-तीस किलोवर उघडी पडते. घरात त्यासाठी सगळ्यात चांगलं माप म्हणजे सीलबंद भरलेला गॅस सिलिंडर. रिकाम्या टाकीचं वजन त्याच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. १५.३ लिहिलं असेल तर काट्याने २९.५ च्या आसपास दाखवायला हवं. शे-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालतं, दोन किलोचा फरक चालत नाही. (सिलिंडरच कमी भरलेला निघाला तर तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

वजन होताना पोतं जमिनीला, भिंतीला किंवा उचलणाऱ्याच्या गुडघ्याला टेकता कामा नये. आकडा स्थिर झाल्यावर तुम्ही स्वतः वाचा, त्याने वाचून दाखवायची वाट पाहू नका. व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या) विभागाकडून दरवर्षी फेरपडताळणी करून मुद्रा, म्हणजे शिक्का, घ्यावी लागते. दारावरच्या बऱ्याच हुक-काट्यांवर ती नसते. ॲपवाल्याकडे मात्र ती मागायला संकोच करू नका, तो दुकान म्हणूनच आलेला असतो.

रद्दीचं वजन आधी कागदावरही काढता येतं. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५ ग्रॅमचा असतो. चार पानांचा एक पूर्ण ताव सुमारे ७० गुणिले ५४ सेंटीमीटर, म्हणजे १७ ग्रॅमच्या आसपास. सोळा पानी अंक ६८ ग्रॅम, महिन्याचे दोन किलो, वर्षाचे चोवीस-पंचवीस. पुरवण्या धरल्या तर आणखी जास्त. तुमची वर्षभराची थप्पी अठरा किलो भरली, तर एक तर अंक गहाळ आहेत किंवा काट्यात खोट आहे.

प्रतीबद्दल: ॲपवरचा ठळक दर हा निवडलेल्या मालाचा असतो. थप्पीत चार गुळगुळीत मासिकं दिसली की अख्खी थप्पी "मिक्स" ठरवायला निमित्त मिळतं. तेव्हा वर्तमानपत्रं, वह्या-पुस्तकं, पुठ्ठा आणि गुळगुळीत कागद असे चार गठ्ठे वेगळे करा. स्पायरल वह्यांची तार काढा, जाड बाइंडिंगचे पुठ्ठे फाडून पुठ्ठ्यात टाका. खोकी उघडून सपाट करा. दुकानातल्या पावत्यांचा तो चकचकीत थर्मल कागद रद्दीत घालूच नका. कागद ओला राहिला तर दर पडतोच, वर ओलाव्याची अंदाजे कपात होते आणि त्यावर वाद घालायला तुमच्याकडे काही पुरावा नसतो. पावसाळ्यात बाल्कनीत ठेवलेली रद्दी दोन दिवस आत आणून मगच विका.

आणि कुरियरच्या खोक्यांवरचे लेबल सोलून टाका. नाव, पत्ता, मोबाइल सगळं त्यावर असतं. बँकेची स्टेटमेंट, आधारच्या झेरॉक्स, जुनी चेकबुकं यांतला आकड्यांचा भाग फाडून काढा, बाकी रद्दीत जाऊ द्या. सगळंच श्रेडरमधून बारीक केलं तर कागदाचे तंतू तुकडे होतात आणि दर कमी मिळतो.

---

भट्टीकाका

कागदाचं तराजूरावांनी लिहिलंच आहे. मी धातूंपुरतं लिहितो, कारण तुमच्या यादीत खरा पैसा तिथे आहे आणि प्रत ठरवताना सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो.

नळ. वरून सगळेच क्रोमचे चकाकतात. आत पितळ आहे की जस्ताचा मिश्रधातू, हे चुंबकाने कळत नाही, दोन्ही चिकटत नाहीत. नळाच्या आट्यांवर, जिथे मुलामा पातळ असतो, तिथे कानस एकदा घासून बघा. पिवळं निघालं तर पितळ, राखाडी-पांढरं निघालं तर जस्त. दरात बराच फरक पडतो. शॉवर हातात घेऊन हलका लागला तर तो मुलामा दिलेला प्लास्टिकचा आहे, धातूत मोजायला जाऊ नका. नळाच्या आतली प्लास्टिकची नळी, रबरी वॉशर, लोखंडी स्क्रू काढले तर पितळाचा पूर्ण दर मागता येतो. नाही काढले तर समोरचा "लागलेलं आहे" म्हणून कापणार, आणि तो चूक नसतो.

पातेली आणि कुकर. कुकरचे बेकेलाइटचे दांडे, गॅस्केट, शिट्टी काढून टाका. दांड्याचे स्क्रू लोखंडी असतात, तेही. पत्र्याची पातेली, ओतीव भांडी आणि खिडक्यांचे सेक्शन हे ॲल्युमिनियमचे वेगवेगळे माल आहेत, एकाच पोत्यात भरले की सगळ्याला सर्वांत खालचा दर लागतो.

स्टील. चुंबक न चिकटणं म्हणजे भारी स्टील, असं भंगारवालाही म्हणतो. ते अर्धंच खरं. ३०४ या भारी ग्रेडला चिकटत नाही हे बरोबर, पण स्वस्त २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. चुंबकाने फक्त चिकटणारं ४३० वेगळं निघतं. हातातल्या भांड्यावर ग्रेडचा ठसा नसेल तर घरच्या घरी यापुढे जाता येत नाही.

वायरी. जाळू नका. पीव्हीसीचा धूर घातक असतोच, शिवाय तांबं काळं पडून त्याची प्रत उतरते. म्हणजे मेहनत करून दर कमी. सोलायची ती फक्त घराच्या वायरिंगची जाड वायर. १.५ चौरस मिमीच्या वायरीत मीटरमागे साधारण १३.४ ग्रॅम तांबं असतं, ९० मीटरच्या पूर्ण कॉइलमध्ये सव्वा किलोच्या आत. एकूण वजनाच्या दोनतृतीयांश धरा. म्हणजे सोललेल्या तांब्याचा दर वायरीच्या दराच्या दीडपटीहून जास्त दिसला तरच ब्लेड हातात घ्या. चार्जर, इयरफोन, केबल टीव्हीच्या तारा सोलत बसू नका, तांबं नाममात्र असतं. एक टोक कापून आत बघा: लाल वरवर आणि मध्ये पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

विंडो एसी. किलोवर कधीच देऊ नका, नगावर द्या. किंमत ठरते कॉम्प्रेसर आणि दोन कॉइलवर. मागच्या जाळीच्या कडेला पाइप यू आकारात वळलेले दिसतात, तिथे टॉर्च मारा. तांबूस असतील तर तांब्याची कॉइल, पांढरट असतील तर ॲल्युमिनियमची. तो फोटो काढून ठेवा, साइटवर टाकताना आणि ॲपवाल्याशी बोलताना तोच एक फोटो भाव ठरवतो. लोक समोरचं पॅनेल पुसून त्याचे पाच फोटो टाकतात, त्याला काही अर्थ नाही. कॉइलसाठी स्वतः पाइप कापू नका. जुन्या यंत्रात आर-२२ वायू असतो, तो हवेत सोडायचा नसतो. नव्यातला आर-३२ थोडा का होईना, पेट घेतो. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. उघडायचं काम मेकॅनिकचं.

---

सर्किट_बंद

एसी, मोबाइल, लॅपटॉप हे नियमाने भंगार नाही, ई-कचरा आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्चक्रण करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असावी लागते. ॲपवाल्याला एवढंच विचारा: तुमचा ई-कचरा कुठल्या नोंदणीकृत कंपनीकडे जातो, आणि पावती त्या नावाने मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर त्याला रद्दी आणि पुठ्ठाच द्या. सर्किट बोर्डातलं सोनं-तांबं काढायला गल्लीत ॲसिडचे टब मांडणारे आहेत, तुमचा लॅपटॉप तिथे पोचायला नको.

इन्व्हर्टरची बॅटरी नवीन घेणार असाल तर विक्रेत्याकडेच बदली द्या. तो अँपिअर-तासावर वजावट देतो. भंगारात दिलीत तर भाव किलोवर, आणि तिथे विचारायचा प्रश्न एकच: पाण्यासकट की सुकी? १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी भरलेली असताना पन्नास किलोच्या वर जाते. दर "सुकी"चा सांगून वजन ओल्याचं केलं तर अंदाजाने कपात होते, आणि ओला-सुका ठरवायला कोणी ॲसिड तुमच्याच मोरीत ओतायला निघतं. ते होऊ देऊ नका. उभीच ठेवा, आडवी करून लिफ्टमधून नेऊ नका.

मोबाइलच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. अँड्रॉइडवर आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, मग तिथूनच फॅक्टरी रीसेट. बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केला तर चालू झाल्यावर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो, आणि घेणारा "लॉक आहे" म्हणत परत येतो. आयफोनवर "फाइंड माय" बंद करून साइन आउट. जो फोन चालू होत नाही, तो दुसऱ्या फोनवरून आपल्या खात्यात शिरून उपकरणांच्या यादीतून काढा, सिम आणि मेमरी कार्ड हाताने काढा. बॅटरी फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, कागदाच्या गठ्ठ्यात तर मुळीच ठेवू नका.

लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून घरात ठेवा, भंगाराच्या भावात त्याने फारसा फरक पडत नाही. डिस्कसकट विकायचाच असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्याने फक्त यादी पुसली जाते, फायली तिथेच राहतात. विंडोजच्या रीसेटमध्ये "ड्राइव्ह साफ करा" हा पर्याय असतो तो निवडा. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा.

चालू फोनला ऑनलाइन मिळणारा भाव हा तुम्ही भरलेल्या उत्तरांवरचा असतो. स्क्रीनवरचा ओरखडा, बदललेला डिस्प्ले, मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरी दारात सापडली की भाव तिथल्या तिथे उतरतो. आधीच खरं भरा. आकडा कमी दिसेल, पण तो टिकेल.

---

पिनकोड

साइटवर एसी टाकणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील, असं कोणी म्हणालं की संभाषण बंद.

नेहमीचा साचा: समोरचा घासाघीस न करता मान्य होतो, लष्करात आहे, बदलीवर आहे, माणूस पाठवतो म्हणतो. बंद एसीला कोणी न पाहता पूर्ण भाव देत नाही, तिथेच ओळखा. मग "चाचणी" म्हणून एक रुपया खरंच पाठवतो, विश्वास बसला की मोठ्या रकमेचा कोड. दुसरा प्रकार: साध्या दहा आकडी नंबरवरून बँकेसारखा दिसणारा जमा झाल्याचा मेसेज, पाठोपाठ "चुकून जास्त गेले, उरलेले परत करा". मेसेजवर जाऊ नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक उघडून बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

जाहिरातीत घर नंबर नको, चौकापर्यंतचा पत्ता पुरतो.

---

गल्लीबोळ

वर ॲपचा बराच उदो झाला म्हणून दुसरी बाजू. ॲपवाले मलई उचलतात: वर्तमानपत्र, पुठ्ठा, धातू. किमान वजनाची अट असते, वेळ त्यांची, आणि तुमच्या भागात त्या दिवशी पुरेसे पत्ते नसले की "रीशेड्यूल". दुधाच्या पिशव्या, फुटकं प्लास्टिक, काच याला नकार. दारावरचा भंगारवाला हे सगळं एका फेरीत नेतो, बाटल्या नगावर घेतो आणि तिसऱ्या मजल्यावरून पिंप स्वतः उतरवतो. त्या उतरवण्याचे पैसे ॲपच्या दरातून वजा करून मग तुलना करा.

पुण्यात असाल तर "स्वच्छ" सहकारी संस्थेचे लोक दारात येतातच. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, तिच्यातूनच ही संस्था उभी राहिली. सुका कचरा विकून मिळणारा पैसा हा त्या ताईंच्या कमाईचा भाग असतो. चांगला माल सगळा ॲपला आणि उरलेली घाण त्यांना, असं केलं की त्यांचा हिशेब बिघडतो. निदान पुठ्ठा आणि बाटल्या तरी त्यांच्यासाठी ठेवा.

आणि इंटरनेटचा खरा फायदा ॲपशिवायही घेता येतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख टाका, दहा घरांचा माल एकत्र करा, गाठलेल्या तीन भंगारवाल्यांना गठ्ठ्यांचा फोटो पाठवून दर लेखी मागवा. दोनशे किलोसाठी तो छोटा टेम्पो आणि मोठा प्लॅटफॉर्म काटा घेऊन येतो, हुकच्या काट्याचं भांडणच उरत नाही. वजनाच्या वेळी प्रत्येक घराचा गठ्ठा वेगळा लिहायला मात्र एक खमका माणूस उभा करा, नाहीतर भांडण भंगारवाल्याशी न होता शेजाऱ्याशी होतं.

---

सदाफुली

सगळ्यांचे आभार. दोन शंका. पिंपाला चुंबक पोटाला चिकटत नाही, पण काठाला आणि तळाच्या वळणाला हलकं धरतं. मग हे ४३० का? आणि पार्किंगमध्ये एक जुनी स्कूटर आहे, कागद आहेत पण चालत नाही. तीही याच फेरीत देऊन टाकावी का?

---

भट्टीकाका

४३० असतं तर पोटालाही घट्ट धरलं असतं. स्टील थंड असतानाच दाबून वाकवलं की वळणावर त्याची रचना बदलते आणि तिथे थोडं चुंबकत्व येतं, ३०४ मध्येही येतं. चुंबक लावून दाखवायचं ते पोटाला. आणि पिंपाला पोचे, गळती नसेल तर किलोवर देऊच नका. चालू वस्तू म्हणून साइटवर टाका, जास्त मिळतील.

---

सर्किट_बंद

स्कूटर भंगारवाल्याला नको. वाहन आरटीओच्या नोंदीत तुमच्याच नावावर राहतं, सांगाडा किंवा नंबर प्लेट पुढे कुठे वापरली गेली तर विचारणा तुमच्याकडे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या. ते जमा केल्याचं प्रमाणपत्र देतात, ते घेऊन आरसी रद्द झाल्याची खात्री करा. नवीन गाडी घेणार असाल तर ते प्रमाणपत्र फेकू नका, सवलतीसाठी लागतं. जायच्या आधी थकलेले चलान ऑनलाइन बघून घ्या, त्यावरूनच बहुतेकांचं काम अडतं.